दाढीचा आरसा

३ जून

प्रिय भिंगरी,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहायला बसले आहे, तेव्हा रागाने कागद फाडायचे कष्ट घेऊ नकोस. फाडलास तर दुसरा येईल. व्यसनमुक्ती केंद्रात फोन चालत नाही पण पत्रं चालतात असं ऑफिसातल्या माणसाने सांगितलं, आणि मला शाळेपासून पत्रलेखनात चांगले मार्क असायचे.

दुपार आहे. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय, अण्णा वर घरात आडवे झालेत. समोर सलूनवाल्याच्या ऑर्डरचे मोठे आरसे उभे आहेत, त्यामुळे मला मान वर केली की स्वतःचीच पाच-सहा तोंडं दिसतात आणि त्यातलं एकही ताजंतवानं नाही.

तुला तिथे सोडून निघाले तेव्हा तू म्हणालास, "ताई, तू मला विकलंस." बस सुटायची होती म्हणून मी गप्प राहिले. आता सांगते. विकायला आधी गिऱ्हाईक लागतं. त्या दिवशीच्या अवस्थेत तुला फुकटसुद्धा कुणी नेलं नसतं. नाक वाहत होतं, डोळे खोल गेले होते, आणि समोरच्या बाईला तू तीनदा तिचं नाव विचारलंस. भरतीच्या कागदावर सही मी केली हे खरं. अण्णांनी पेन हातात घेतलं, बराच वेळ धरलं, आणि टेबलावर ठेवून दिलं. मग कुणी करायची होती?

मला राग आहे तो वेगळाच. त्या नाइट क्लबचे आरसे बसवायला तू जायला लागलास, तिथे तुला कुणीतरी हे कोकेन दिलं, आणि पुढे वर्षानुवर्षं ते आपल्याच दुकानात, आपल्याच आरशाच्या तुकड्यांवर, आपल्याच ब्लेडने चाललं होतं. मी चार पावलांवर बसून फोन घेत होते. तुझ्या नाकातून रक्त आलं की मी काचेच्या धुळीला शिव्या घालायची. मास्क आणून दिले होते तुला, आठवतं? डझनभर. तू "थँक्यू ताई" म्हणाला होतास.

अक्षर वाकडं आलंय, डाव्या हाताने कागद धरता येत नाही म्हणून. काही नाही, जरासं लागलंय. अण्णा मजेत आहेत. काम बरं चाललंय.

तुझी,
ताई


२१ जून

प्रिय भिंगरी,

रविवारी येऊन गेले त्याला उत्तर म्हणून तू चिठ्ठी पाठवलीस, तिच्यात एकच ओळ. "सगळं बेचव आहे, परत येऊ नकोस." चला, ओळ तरी आली. मी ती पर्समध्ये ठेवली आहे.

खरं सांगते, त्या रविवारी मी तुझ्यासमोरून रडत उठले. समोर बसून मी तुला अण्णांचं सांगत होते, तुझ्या जुन्या मित्राला मुलगी झाल्याचं सांगितलं, मध्येच मला रडू फुटलं, आणि तू बस-स्टॉपवर बसल्यासारखा माझ्याकडे बघत होतास. मला वाटलं, हा दगड झालाय. याला आता कुणीच नको आहे.

म्हणून निघताना तुझ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या घाईत होत्या, पण माझं तोंड बघून बसल्या. म्हणाल्या, "दगड नाही झाला. त्याचा मेंदू सध्या बहिरा आहे." मग त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते, चुकलं तर त्यांनाच विचार.

आपल्या मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं. काही हवंसं वाटलं, छान झालं, कुणी आपलं माणूस आलं, की ते थोडं सुटतं. ते टिपून घ्यायला पेशींवर रिसेप्टर असतात. बाई म्हणाल्या, "खिडक्या समजा." मी म्हटलं, समजायला कशाला हव्यात, आमचा धंदाच तो आहे. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. तर म्हणे, कोकेन म्हणजे घराला लागून रात्रंदिवस बँड वाजवणं. महिनोन् महिने असा दणदणाट झाला की घर आपणहून एकेक खिडकी लावून घेतं. डी-टू नावाचे जे रिसेप्टर, ते कमी होतात. माणसांच्या मेंदूच्या फोटोतही हे दिसलंय. मग एक दिवस बँड थांबतो. पण खिडक्या लगेच उघडत नाहीत. बाहेर चिमण्या ओरडतात, शेजारी हाका मारतो, बहीण रडते, आत काही पोचत नाही. म्हणून जेवण बेचव, गाणं बेचव, आणि मीही बेचव.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस नका मोजू. महिने लागतात. कुणाला जास्त. काहींच्या थोड्या बंदच राहतात."

मला ते ऐकून रडायला हवं होतं, पण खरं म्हणजे जीव भांड्यात पडला. तू दुष्ट झालेला नाहीस. खिडक्या लागल्यात, एवढंच. बसमधून उतरताना मी कंडक्टरलासुद्धा "थँक्यू" म्हटलं.

आता माझ्या डोक्यात एकच आहे. खिडकी वाजवत राहायचं. तुला जे जे आवडायचं ते एकेक करून पाठवायचं, कशाने ना कशाने फट पडेलच.

हाताचं विचारशील म्हणून सांगते. विचारणार नाहीस, तरी सांगते. टाके पडलेत. सलूनवाल्याची काच मी कापत होते. तू काच कापायची हिरकणी फिरवायचास तेव्हा एका रेघेत सुळकन काच सुटायची, मला वाटलं त्यात काय एवढं. रेघ ओढली, मोडायला गेले, तर काच भलतीकडेच गेली. अण्णा ओरडले, "रेघ एकदाच! दुसऱ्यांदा फिरवायची नसते!" आणि मग माझ्या हाताला फडकं बांधताना त्यांना गाठ दिसेना. डोळे फारच गेलेत रे त्यांचे. मागच्या पत्रात मजेत आहेत असं मी लिहिलं ते खरं नव्हतं.

ताई


९ जुलै

प्रिय भिंगरी,

सोबतचं पार्सल जपून उघड. काच आहे.

घरात काय पाठवायचं यावर अण्णांशी माझं वाजलं. मी म्हणत होते तुझा जुना रेडिओ पाठवू. अण्णा म्हणाले, "रेडिओ कशाला? आरसा पाठव. दाढी कर म्हणावं. आपलं तोंड नीट बघेल, त्याला जरा लाज वाटेल. लाज वाटली की माणूस वळणावर येतो." मी म्हटलं, अण्णा, त्याच्या मेंदूत खिडक्यांचा प्रॉब्लेम आहे, लाजेचा नाही. तर म्हणाले, "खिडकी काय, आरसा काय, काचच ना?" त्यांच्यापुढे कुणी बोलायचं!

पण मग त्यांनी काय केलं ते ऐक. कपाटातून आरशाची ती जाड काच काढली, बेल्जियमची म्हणून जपून ठेवलेली. मी कापून दिली (एकाच रेघेत, बरं का). कड त्यांनी स्वतः घासली. दिसत नाही तर अंगठ्याने. दर दोन मिनिटांनी चाक थांबवायचं, अंगठा कडेवरून फिरवायचा, परत चाक. दोन दुपारी गेल्या. शेवटी मला म्हणाले, "बघ गं, सरळ आलीय का?" सरळ आली होती. तू असतास तर कौतुकाने शिटी मारली असतीस.

बांधलंही त्यांनीच, माझ्यावर भरवसा नाही. मलमलीत बांधलेली खडूची पुरचुंडी घेतली, आरशावर टप टप करून पांढरी भुकटी उडवली, वर कागद, त्यावर पुठ्ठा. "भुकटीशिवाय माझ्या दुकानातून आरसा बाहेर जात नाही," म्हणाले. हे वाक्य आपण दोघांनी जन्मापासून ऐकलंय. लहानपणी तू ती पुरचुंडी माझ्या केसांवर झटकायचास आणि "ताई म्हातारी झाली" म्हणून नाचायचास. भिंगरी नाव तेव्हाचंच.

तर दाढी कर. मागच्या वेळी साधूसारखा दिसत होतास.

ताई

ता. क. एक बातमी अण्णांनी सांगू नको म्हटलंय, म्हणून सांगते. पेंटरला बोलावून दुकानाच्या पाटीवर त्यांनी "आणि चिरंजीव" लिहून घेतलं. अजून ओलं आहे. सप्टेंबरात तू सुटशील तेव्हा दिसावं म्हणून.


२ ऑगस्ट

भिंगरी,

तू लिहीत नव्हतास तेव्हा मला वाटलं रुसलास. काल डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

त्यांनी रागावून सांगितलं नाही, ते जास्त लागलं. म्हणाल्या, तू कागद उलगडलास, आणि तुझ्या मांडीवर आरसा होता आणि आरशावर पांढरी भुकटी. जेवायला आला नाहीस म्हणून तिथल्या कामाच्या मावशी बघायला आल्या, तर तू घामाने चिंब झाला होतास. कागदाच्या कोपऱ्याने ती भुकटी तू गोळा करून एका रेघेत आणली होतीस. आणि म्हणत होतास, "मावशी, हे घेऊन जा. खडू आहे, मला माहीत आहे खडू आहे. घेऊन जा."

मी फोन ठेवला आणि दुकानातच खाली बसले. ज्या हातांनी तू लहानपणी माझ्या केसांवर खडू उडवायचास त्या हातांना आता खडू दिसला की काय करायचं ते आपोआप कळतं. आणि हे मी पाठवलं. पोस्टात जाऊन, "काच आहे, जपून" असं दोनदा सांगून पाठवलं. जगात दुसऱ्या कुठल्या घराकडून ही चूक झाली नसती. मिठाईवाल्याच्या बहिणीने मिठाई पाठवली असती.

तू ते आपणहून मावशींना दिलंस. तेवढं मी धरून बसले आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ते सोपं नव्हतं, आणि आता तर पहिल्या आठवड्यापेक्षाही कठीण होतं. मी म्हटलं, असं कसं? दोन महिने झाले, ओढ कमी व्हायला हवी.

तेव्हा त्यांनी उरलेलं सांगितलं, जे पहिल्या वेळी राहून गेलं होतं. किंवा मी उठले होते, मला बस होती. म्हणाल्या, सगळ्या खिडक्या बंद असताना एक मात्र या काळात हळूहळू जास्तच उघडत जाते. तिचं तोंड त्याच बँडकडे असतं. डी-थ्री म्हणतात तिला. कोकेन सोडल्यावर पहिले काही महिने ते रिसेप्टर वाढत जातात असं दिसलंय, आणि जुनी जागा, जुनी वस्तू समोर आली की उठणारी ओढही तशीच वाढत जाते. पुढे कधीतरी उतरते. "हे बरंचसं उंदरांमध्ये पाहिलेलं आहे," त्या म्हणाल्या. "माणसात सगळं कसं जुळतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ओढ वाढते हे मी रोज बघते. घरचे म्हणतात तीन महिने झाले, आता सुटला. आणि नेमके तेव्हाच त्याला जुन्या जागी नेऊन बसवतात."

मी विचारलं, "आमचं दुकान तुम्ही पाहिलंय का?"

"नाही. काय आहे तिथे?"

मी सांगितलं. आरसे, ब्लेड, भुकटी. "मग वर्षभर तरी त्याला तिथे नेऊ नका," त्या म्हणाल्या.

अण्णांना अजून काहीच सांगितलेलं नाही. ते आज तुझ्या स्टुलाचा हलणारा पाय ठोकून घेत होते. मी त्यांना एकेक खिळा देत होते.

ताई


२५ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आलं. पूर्ण पान! मी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून, मग जिन्यात.

संत्र्याचं लिहिलंस ते अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. मावशींनी संत्रं सोलून हातात दिलं, एक फोड आंबट लागली आणि तुझं तोंड वाकडं झालं, आणि मग तुला कळलं की आंबट लागलंय. अण्णा म्हणाले, "त्यात काय लिहायचं?" मी म्हटलं, अण्णा, पहिली फट आहे ती. त्यांनी ती ओळ परत वाचायला लावली.

बाकी दोन गोष्टी लिहिल्यास. न्हावी येऊन दाढी करून जातो, तिथे आता आरसा ठेवत नाहीत, आणि आपण कसे दिसतो ते विसरल्यासारखं झालंय. आणि दुसरं, "ताई, मी आता बरा आहे. मला घरी न्यायला ये."

दुसऱ्या गोष्टीमुळे अण्णांना सांगावंच लागलं. जेवणानंतर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर जेवले नसते. आरशाचं, भुकटीचं, रेघेचं, सगळं. खिडक्यांचंही. ते ऐकता ऐकता लाल झाले.

"म्हणजे बापाच्या दुकानात पोराने पाऊल टाकायचं नाही?"

"आत्ताच नाही, अण्णा. वर्षभर तरी."

"वर्षभर मी असेन याची चिठ्ठी दिलीय का तुझ्या डॉक्टरणीने?"

मी ताटं उचलायला लागले तरी ते थांबले नाहीत.

"तीन महिने शिवला नाही तो त्याला. सुटलं ते. तुम्ही शिकलेल्या बायका उगाच फाटे फोडता."

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही विडी सोडलीत तेव्हा त्या पानवाल्याच्या दुकानावरून जाणं किती वर्षं टाळलं होतंत? मागच्या गल्लीने लांबून जायचात. आई हसायची."

ते उठून खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर दुकान पांढरं झालं होतं. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी त्यांनी आरशांवर टाकल्या होत्या. माझी ठेवणीतली सुद्धा. ब्लेडं डब्यात, डबा फळीवर. भुकटीचं पिंप मागच्या मोरीत उपडं. आणि मध्ये तुझ्या स्टुलावर अण्णा बसलेले. "आता येऊ दे त्याला," म्हणाले. "कुठे काय आहे दाखव."

तेवढ्यात सलूनवाला आला. दारातच थबकला आणि हळू आवाजात मला म्हणाला, "कोण गेलं?"

मला हसू आवरेना. अण्णाही हसले, आणि हसता हसताच त्यांचं बिनसलं. सलूनवाल्याला आरसे बघायचे होते. चादर काढावी लागली. मग दुसरी. आरसा पुसायचा तर भुकटी हवी, ती मोरीत. कडेचा डाग खरवडायचा तर ब्लेड हवं. दुपारपर्यंत सगळ्या चादरी घडी होऊन वर गेल्या. अण्णा प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघत होते, ब्लेड, पुरचुंडी, आरशाचा तुकडा, आणि परत जागेवर ठेवत होते. संध्याकाळी म्हणाले, "सगळं त्याचंच सामान आहे की गं इथे."



तुझ्या पत्राचं खरं उत्तर अजून द्यायचं आहे. आज नाही. आज मी फार थकले आहे.

ताई


१० सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

घरी येऊ नकोस.

हे वाक्य मी चार वेळा लिहून फाडलं. दर वेळी त्याच्या आधी काहीतरी गोड यायचं आणि मग ते गोडच पुढे पसरायचं. म्हणून या वेळी तेच पहिलं लिहिलं.

तू पुन्हा म्हणशील मी तुला विकलं. म्हण. पण आधी एक ऐक, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू घरी यावंस असं सगळ्यांत जास्त मला वाटतं, आणि ते काही मोठ्या मायेने नाही. मला काच कापायची नाही रे. मला माझे दोन्ही हात धड हवेत. मला दुपारी अर्धा तास आडवं व्हायचंय. अण्णांना डोळ्यांच्या दवाखान्यात कुणीतरी दुसऱ्याने न्यावं, त्यांची कटकट ऐकून घ्यावी, त्यांनी "चिरंजीव कधी येणार" असं विचारलं की कुणीतरी दुसऱ्याने उत्तर द्यावं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी निम्मी बॅग भरली होती. तुला आणायला. डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकून, कळून, मी बॅग भरत होते. मग चादरी घड्या करताना ती रिकामी केली.

तू बरा होतो आहेस, हे मला पटतं. पण त्या एका खिडकीला ते अजून पटलेलं नाही, आणि आपलं घर नेमकं तिच्यासमोर आहे. जिना उतरलं की दुकान. तू चांगला वागायचा ठरवशील, आणि सकाळी दात घासून खाली येशील, आणि तिथे मांडीवर घ्यायच्या मापाचे पन्नास आरसे असतील. दर वेळी हाक मारायला मावशी नसतील. मी असेन, चार पावलांवर, फोनवर. आधीही होतेच.

तर आता सोय ऐक. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासाठी तिथेच काम बघितलंय. आधी म्हणाल्या, बेकरीत जागा आहे. मी म्हटलं, "बाई, मैदा!" त्यांनी कपाळावर हात मारला आणि आम्ही दोघी फोनवर इतक्या हसलो की अण्णा वरून ओरडले. मग त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान शोधलं. केंद्रापासून जवळ आहे, मागे राहायला खोली आहे. मालक कमी बोलतो म्हणे. ग्रीस, चेन, पंक्चरचं पाणी, सगळं काळं. तिथे पांढरं फक्त मालकाचं डोकं आहे. तू आठवड्यातून दोनदा केंद्रात जायचं. सुरुवातीला कंटाळा येईल, येऊ दे. संत्रं आंबट लागलं, तशी एखाद्या दिवशी एखादी सायकल बरी वाटेल.

अण्णांचं सांगते. परवा पेंटर आला होता, तू येत नाहीस असं त्याला कुणीतरी सांगितलं म्हणून. "आणि चिरंजीव" पुसायचं का, विचारत होता. मी अण्णांकडे बघितलं. ते म्हणाले, "चिरंजीव नाहीये का मला? आहे ना? मग राहू दे." पेंटर गेल्यावर मला म्हणाले, "रविवारची दोन तिकिटं काढ. तो येत नाही तर आपण जाऊ. पाय मोडलेत का आपले?" मला खरं म्हणजे मिठीच मारावीशी वाटली, पण आपल्या घरात तशी पद्धत नाही. मी चहा केला.

तेव्हा रविवारी आम्ही दोघं येतो. अण्णा रागावलेत असं दाखवतील, तू घाबरू नकोस. त्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तोवर त्यांना समोरचं माणूस म्हणजे नुसता धूर दिसतो. ते बहुतेक तुझ्या गालावरून अंगठा फिरवतील, कड तपासतात तसा. तिकिटं काढायच्या आधीपासून विचारतायत, तो नीट दाढी करतो का. फिरवू दे. हलू नकोस.

आणि तू विचारलं होतंस कसा दिसतोस. त्याच्यासाठी आरसा लागत नाही. तू उजेडात बस, मी तुझ्यासमोर बसेन आणि कपाळापासून सांगत जाईन. डोळे आले का वर, नाकाचं काय झालं, आईचा तो हनुवटीतला खड्डा अजून आहे का. तुला बरं वाटावं म्हणून काही लपवणार नाही. आपल्या घरातून आजवर खोटं दाखवणारा आरसा गेलेला नाही, ते नाव माझ्याकडून तरी खराब व्हायला नको.

या वेळी मी काहीही आणणार नाही. संत्री तिथेच घेऊ.

तुझी,
ताई

ता. क. हे पत्र दुकानात लिहिलेलं नाही. वर घरात बसून, कोपरापर्यंत हात धुऊन लिहिलंय, आणि कागद खिडकीबाहेर धरून दोन वेळा झटकलाय. तरी घडीत कुठे पांढरं दिसलंच, तर मावशींना हाक मार. मग सावकाश वाच.